बोरटोल्याचं फाटक

भंडाऱ्याचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. हावड्याच्या गाड्या तिथंच माणसं उतरवून निघून जात, आणि उतरलेल्यानं ट्रंक खांद्यावर घेऊन टांगा नाही तर एसटी शोधायची, ही रीत इतकी जुनी होती की कोणाला तिचं काही वाटेनासं झालं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र एक टूम निघाली. वरठीपासून शहरापर्यंत, आणि शहरातल्या रस्त्यातून थेट वैनगंगेच्या घाटापर्यंत, एक छोटी हलकी रेल्वे टाकायची. लोक हसले. पण नगर रेल्वे मंडळ म्हणून एक मंडळ उभं राहिलं, त्याच्या दारावर पाटी लागली, आणि एका हिवाळ्यात मोजणीची माणसं बोरटोल्याच्या शिवारात येऊन ठेपली.

बोरटोला वरठी आणि शहराच्या मधलं एक लहानसं गाव. धान कापून झालं होतं, धानाच्या बांध्यांमधून लाखोरीचं कडधान्य हिरवं उभं होतं. मंदाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून लाखोरीची भाजी खुडत होती. तिचं घर गावाच्या अगदी टोकाला, जिथून पांधण, म्हणजे बैलगाड्यांची वाट, शेतांकडे निघते तिथं. त्यामुळे परका माणूस आला की पाणी पहिल्यांदा तिच्याच दारात मागे. मोजणीच्या साहेबानंही तिथंच मागितलं.

साहेबाचं नाव जागेश्वर रहांगडाले. पवनी तालुक्यातल्या आसगावचा, धान पिकवणाऱ्याच घरातला, नागपूरला शिकून इंजिनियर झालेला. लोटा हातात घेऊन तो ओट्यावर टेकला. मंदाबाईची सासू गिरजाबाई तिथं तूर पाखडत होती. तिनं विचारलं, "कुठून जाईन म्हणता तुमची गाडी?"

"त्या आमराईतून सरळ, आजी. तुमची पांधण ती मोकळ्या रानात ओलांडीन. लांबूनच दिसन."

आमराई परसरामजीची होती. परसरामजीची धानाची गिरणी होती, शहरात दुकान होतं, आणि मंडळावर त्याचा शब्द चालत होता. चुना लावलेल्या खुंट्या आमराईतून सरळ रेषेत गेल्या आणि माणसं निघून गेली. होळी झाली, उन्हाळा आला. एका सकाळी मंदाबाई शेण टाकायला गेली तर खुंट्या जागेवर नव्हत्या. आमराईला हात न लावता तिला वळसा घालून त्या गावाच्या बाजूला सरकल्या होत्या, आणि पांधणीचं तोंड जिथं होतं नेमक्या तिथून पलीकडे गेल्या होत्या. तिच्या ओट्यावरून दगड फेकला तर खुंटीला लागेल इतक्या जवळ.

जागेश्वरसाहेब परत आला तेव्हा तिनं विचारलं, "साहेब, रेघ सरळ होती ना? वाकडी काहून झाली?"

साहेबानं आमराईकडे पाहिलं. मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या. "वरून आलं, बाई," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन निघून गेला. वरून म्हणजे कुठून ते गावाला माहीत होतं.

मंदाबाईचा नवरा डोमा हसतमुख माणूस होता. त्याचं म्हणणं असं, की वाकडी झाली तर झाली, काम तर दारात आलं. आणि काम खरंच दारात आलं. दोन उन्हाळे डोमानं आपल्या बैलबंडीनं मुरूम वाहिला, आणि मंदाबाई बायकांच्या टोळीत टोपली घेऊन भरावावर चढत राहिली. पांधणीजवळचा तो वळणाचा भराव तिच्या हातचा होता. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचा, परत टाकायचा. मग गिट्टी आली, मग लाकडी स्लीपर, आणि शेवटी तुमसरकडच्या एका बंद पडलेल्या खाणीतले जुने रूळ. वळणावर रूळ वाकवून बसवायला गडी दिवसभर पहारी घेऊन झटत. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जरा वर का ठेवतात ते जागेश्वरसाहेबानं एकदा बायकांना सांगितलं. गाडी पळताना बाहेर फेकली जाऊ नये म्हणून. गिरजाबाईला घरी आल्यावर मंदाबाईनं ते समजावलं, तर ती म्हणाली, "सरळ टाकली असती तं एवढी उठाठेव कायले लागती?"

पांधण रुळांना ओलांडते तिथं फाटक होणार होतं. साहेबाच्या नकाशात ते होतं, आणि फाटकवाल्याच्या खोलीचा पाया खोदूनही झाला होता. मग एक दिवस मुकादमानं तो पाया बुजवायला सांगितला. या पांधणीनं बंड्या जातात त्या किती, तेवढ्यासाठी फाटक आणि माणूस कशाला, असं मंडळात ठरलं होतं. फाटकाच्या जागी एक पाटी रोवली गेली. 'थांबा, पाहा, मग जा.' अक्षरं सुंदर होती.

गाडी सुरू झाली ती एका दिवाळीनंतर. गाडी म्हणजे एकच डबा, पोटात डिझेलचं इंजिन, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. असे दोन डबे होते. एक वरठीकडून निघे, एक घाटाकडून, आणि मधल्या थांब्यावर दुहेरी रुळांवर ते एकमेकांना वाट देत. एक उशिरा आला की दुसरा तिथं खोळंबे. लोकांनी त्याला डबाच म्हणायला सुरुवात केली. शहरात शिरला की डबा घंटा वाजवत रस्त्यातून चाले, सायकलवाले बाजूला होत, आणि दुकानदार गल्ल्यावर बसल्याबसल्या कोण आलं कोण गेलं ते पाहत. कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीची माणसं, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सगळे त्यात बसू लागले. टांगेवाले वर्षभर कुरकुरले आणि मग त्यांतले काही डब्याच्या थांब्यावरून सवारी धरू लागले.

बोरटोल्याला थांबा मिळाला नाही. तो परसरामजीच्या गिरणीजवळ झाला. पण मंदाबाई तिथवर चालत जाऊन बुधवारच्या बाजारासाठी डबा धरी. दोन ड्रायव्हरांतला एक, भैय्यालाल, कारध्याचा होता. आधी ट्रक चालवायचा. उंच, मिशीवाला, अबोल माणूस. आमराईच्या वळणावर आला की तो लांबलचक भोंगा देई, आणि गिरजाबाई त्या भोंग्यावर जेवायला बसे.

डोमा गेला तो धानकापणीच्या दिवसांत. बंडीवर धानाचे भारे छपराइतके उंच रचलेले, वर डोमा बसलेला, आणि मंदाबाई आणि शेजारच्या दोघी मागून विळे घेऊन चालत येत होत्या. दुपार कलली होती. पांधणीचे दोन्ही धुरे उंच, त्यांवर बेशरमाची झुडपं माजलेली. अशा खोल वाटेनं बंडी चालत आली की रुळांच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत आमराईकडचं काही दिसत नसे. वारा उलटा होता. भोंगा वाजला, हे भैय्यालालही म्हणाला आणि डब्यातली माणसंही म्हणाली. मंदाबाईनं तो ऐकला नाही. तिला दिसलं ते इतकंच, की बैलांची डोकी रुळांवर गेली आणि त्याच क्षणी आमराईच्या कडेनं डबा बाहेर आला.

एक बैल जागीच पडला, दुसरा जू मोडून शेतात पळाला. भारे पार लांबपर्यंत पसरले. डोमा रुळांच्या पलीकडच्या बाजूला पडला होता, आणि त्याच्याजवळ मंदाबाई पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. डबा पुढे जाऊन थांबला. भैय्यालाल उतरला, चालत आला, आणि गिट्टीवर बसला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला होता. मंदाबाईनं त्याच्या हातातून तो घेतला आणि डोमाच्या तोंडावर घातला. तेवढ्यात गाव धावत आलं. दोघा-तिघांनी भैय्यालालची गचांडी धरली. त्यानं हात वर केला नाही. डब्यातल्या एका मास्तरानं मधे पडून त्याला सोडवलं.

चौकशी शाळेत झाली. नागपूरहून एक अधिकारी आला. वेग हुकमाप्रमाणे होता, भोंगा दिला होता, ब्रेक लावल्याच्या खुणा रुळांवर होत्या, पाटी जागेवर होती. बंडीवाल्यानं थांबून पाहिलं नाही. भैय्यालालवर ठपका आला नाही. शेवटी अधिकाऱ्यानं मंदाबाईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का.

पदर सावरून ती उभी राहिली. "सांगायचं काही नाई साहेब. तुम्ही एकदा बंडीवर बसून पांधणीतून या. मग लिहा."

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. त्याला दुपारची गाडी धरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन माणसं तिच्या दारात आली. जागेश्वरसाहेब आणि भैय्यालाल. दोघे एकत्र आले नव्हते, थांब्यावर भेटले आणि मग एकाच वाटेनं चालत आले. साहेबानं शेजारच्या श्रावणची बंडी मागून घेतली. श्रावण हाकायला, दोघे त्याच्या मागे, असे बसले आणि पांधणीतून रुळांकडे निघाले. मंदाबाई धुऱ्यावरून चालत होती. बैलांची शिंगं रुळांच्या रेषेत आली तेव्हा आमराईच्या आडून दुसरा डबा आला. श्रावणनं आधीच कासरा ओढून धरला होता, म्हणून काही झालं नाही. डबा समोरून निघून गेला.

"मले माहीत होतं," जागेश्वरसाहेब म्हणाला. "म्हणून फाटक मागितलं होतं."

"मग आता परत मागा."

"मागतो, बाई. पण तेच उत्तर येईन."

भैय्यालाल बंडीवरून उतरला. तो त्या दिवशी एवढंच बोलला, "मी इथी थांबवीन."

आणि त्यानं ते केलं. दुसऱ्या दिवसापासून भैय्यालालचा डबा वळणावरून येताना पांधणीच्या अलीकडे पुरता थांबू लागला. कंडक्टर उतरून पुढे जाई, दोन्हीकडे पाही, हात करी, मग डबा निघे. हुकमात असं काही नव्हतं. त्यामुळे डबा उशिरा पोचू लागला, समोरचा डबा खोळंबू लागला, कचेरीत जाणारे ओरडू लागले, वरठीला लोकांच्या गाड्या चुकू लागल्या. मंडळानं त्याला समज दिली. मग दुसरी समज दिली. तो थांबतच राहिला.

मंदाबाईला ते थांबणं सहन होत नसे. दिवसातून कितीदातरी डबा तिच्या ओट्यासमोर येऊन उभा राही आणि इंजिन धडधडत राही. खिडक्यांतली माणसं तिच्या घराकडे बोट दाखवत. ती हातातलं काम टाकून आत जाई. शेवटी एक दिवस ती आत गेली नाही. भरावावर चढली आणि केबिनच्या खाली जाऊन उभी राहिली.

"तुम्ही रोज थांबता, त्यानं मले का? माणूस परत येते का?"

भैय्यालालनं खाली पाहिलं. "नाई येत, बाई."

"मग कायले थांबता? लोकं माह्या घराकडे पाहून राहतात."

"मले तिथून चालवताच येत नाई," तो म्हणाला. "पाय आपोआप ब्रेकवर जातो."

ती खाली उतरली. पण त्या दिवसापासून डबा थांबला तरी ती ओट्यावरच बसून राहू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळानं भैय्यालालला कामावरून बसवलं. त्याच्या जागी शहरातला एक तरुण ड्रायव्हर आला. तो भोंगा देई आणि वेगानं निघून जाई. डबे वेळेवर धावू लागले, वरठीच्या गाड्या मिळू लागल्या. मंडळ खूश, लोक खूश. नाही म्हणायला एका संध्याकाळी श्रावणची बंडी थोडक्यात वाचली. बैल मागे सरले म्हणून, नाही तर दुसरा डोमा झाला असता.

ती बंडी वाचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंदाबाईनं जंगलातून बेचक्याचे चार खुंट आणले. त्यांतले दोन पांधणीच्या दोन्ही बाजूंना रोवले आणि त्यांवर एक लांब बांबू आडवा टाकला. रुळांच्या पलीकडच्या अंगाला तसाच दुसरा. भरावावर उभं राहिलं की आमराईच्या पलीकडचं सगळं वळण दिसे. तो भराव तर तिनंच रचलेला. डब्याची वेळ झाली की ती वर चढून पाही, खाली येऊन दोन्ही बांबू टाकी, आणि डबा गेला की काढून घेई. शेतावर जायची पाळी आली की गिरजाबाई बसे. म्हातारीला चढवत नव्हतं, पण तिचे कान शाबूत होते.

गावानं आधी नाकं मुरडली. "तुले कोनं सांगितलं वो हे?" श्रावणच्या भावानं विचारलं.

"कोनीच नाई," ती म्हणाली. "डबा जाऊ दे, मग जाजो."

आठ-पंधरा दिवसांत लोकांना सवय झाली. बांबू दिसला की बंड्या थांबत, बाया डोक्यावरचं ओझं उतरवून बसत, चार गोष्टी बोलत. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलानं माखलेली माणसं तिथं उभी राहून बिड्या ओढत. लाल लुगड्याचा एक तुकडाही तिनं बांबूला बांधला होता.

एका दुपारी परसरामजीची जीप आली. तो शेतावरून परत येत होता. बांबू आडवा होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मंदाबाई उठली नाही. परसरामजी स्वतः उतरला. धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी. आवाज न चढवता बोलायची त्याला सवय होती, कारण चढवायची कधी वेळच येत नसे.

"हा रस्ता कोनाचा आहे, मंदाबाई?"

"सगळ्यायचा, शेटजी."

"मग बांबू कोनाच्या हुकमानं टाकला?"

मंदाबाई उभी राहिली. तिच्या मागे श्रावण होता, दोन बायका होत्या, शेळ्या घेऊन एक म्हातारा होता. सगळे ऐकत होते. "तुमच्या आमराईच्या आडून डबा दिसत नाई, म्हणून टाकला," ती म्हणाली. "आमराई तोडा, शेटजी. मी बांबू काढून घेते."

परसरामजीनं तिच्याकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. तेवढ्यात डबा आला आणि त्याच्या जीपच्या समोरून निघून गेला. मंदाबाईनं बांबू काढला. जीप गेली.

आठवड्यानं परसरामजीनं मंडळाकडे तक्रार केली. बोरटोल्याला एक बाई कोणताही अधिकार नसताना रेल्वेच्या जागेत खुंट रोवून रहदारी अडवते, तो अडथळा ताबडतोब काढावा. तक्रार खरी होती. तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती गेली जागेश्वरसाहेबाच्या टेबलावर, कारण आता गाड्या चालवायचं खातं त्याच्याकडे आलं होतं.

पुढे काय झालं ते साहेबानंच नंतर मंदाबाईच्या ओट्यावर बसून सांगितलं. फाटक द्या म्हणून त्यानं मंडळाला परत मागणी केली नाही. त्यानं फक्त विचारलं, की अडथळा काढायचा तर हुकूम कोण देणार आणि खाली सही कोण करणार. कारण बांबू निघाल्यावर पांधणीत काही झालं तर पहिल्यांदा तो हुकूम पाहिला जाईल, आणि इथं आधीच एक माणूस गेलेला आहे. सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. सही करायला कोणी पुढे आलं नाही. परसरामजीही बैठकीत होता. तो म्हणाला, माझं काम तक्रार करायचं, सही करायचं नाही. बांबू काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही, तर तिथं रीतसर फाटक करावं, असं कोणीतरी म्हटलं. कोणी म्हटलं ते साहेबाला आठवत नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हणजे शेटजीनंच फाटक केलं," गिरजाबाई म्हणाली.

"तसंच म्हणा, आजी," साहेब म्हणाला. तो थकल्यासारखा दिसत होता. जरा वेळानं त्यानं मंदाबाईला विचारलं, "माणूस ठेवावा लागन. तुम्ही राहाल का?"

ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं एक दिवस मागून घेतला. गावातल्या लोकांना वाटलं की ती भाव खाऊन राहिली. तसं नव्हतं. बांबू टाकायची तेव्हा तो तिचा होता. मनात आलं तर टाकील, नाही तर नाही. मंडळाच्या फाटकावर बसलं की ज्या गाडीनं डोमाला नेलं त्या गाडीची ती नोकर होणार, हे तिच्या मनाला लागत होतं. गिरजाबाईशी ती यावर बोलली. म्हातारी म्हणाली, "तू नाई बसली तं दुसरा कोनी बसन. तो झोपन." दुसऱ्या दिवशी मंदाबाईनं होकार दिला.

बुजवलेला पाया परत उकरला गेला. त्यावर एक लहान खोली उभी राहिली. खोली उभी राहताना ती गवंड्यामागे बसून होती. वर उचलायचे दोन लोखंडी दांडे आले, एक लाल आणि एक हिरवी झेंडी आली, कंदील आला. आठवडाभर वरठीच्या फाटकवाल्याकडे बसवून तिला काम शिकवलं. भंडाऱ्यातल्या लोकांना बाई फाटकावर बसते याचं नवल वाटलं, आणि काही दिवस डब्यातून मुद्दाम डोकी बाहेर काढून त्यांनी तिला पाहिलं. मग ते नवलही जुनं झालं.

भैय्यालाललाही परत घेतलं. त्याच्याविरुद्ध जे होतं ते हुकूम न पाळण्याचं होतं, आणि जिथं तो हुकूम न पाळता थांबत होता तिथं आता मंडळानंच फाटक केलं होतं. त्याला आणखी घरी बसवणं अवघड झालं. पावसाळा संपता संपता तो पुन्हा केबिनमध्ये दिसला. मिशी पांढरी व्हायला लागली होती.

तो परतला त्या पहिल्या दिवशी मंदाबाईनं दांडे पाडले, कड्या लावल्या, आणि भरावाच्या कडेला हिरवी झेंडी घेऊन उभी राहिली. आमराईच्या आडून डबा आला. झेंडी ताणून धरलेली होती. तरी डबा हळू झाला, आणखी हळू झाला, आणि तिच्यासमोर येऊन थांबला. भैय्यालाल समोर पाहत होता. तिच्याकडे त्यानं मान वळवली नाही. जरा वेळानं डबा निघाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोन्हीकडे बंड्या खोळंबत होत्या आणि तिला बोलणी बसत होती. चौथ्या दिवशी डबा थांबला तेव्हा ती कंडक्टरला म्हणाली, पण आवाज केबिनपर्यंत जाईल इतका काढला, "ड्रायव्हरले सांगा, मी हिरवी दाखवून राहिली. हिरवी दाखवल्यावर थांबायचं नसते. फाटकावर मी आहे."

कंडक्टर दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. भैय्यालाल पहिल्यांदा तिच्याकडे वळला. मान हलवून त्यानं डबा सुरू केला.

त्या दिवशी संध्याकाळी परतताना त्याचा डबा वळणावरून आला, लांब भोंगा दिला, आणि पूर्ण वेगानं तिच्या अंगावरून वारा उडवत निघून गेला. मंदाबाईनं झेंडी खाली घेतली. कड्या काढायला तिला जरा वेळ लागला. श्रावण बंडीवर बसून वाट पाहत होता.

त्यानंतरची काही वर्षं सुरळीत गेली. मंदाबाई फाटकावर, भैय्यालाल डब्यात. दिवसातून कितीदा समोरासमोर येत, पण त्यांच्यात बोलणं असं झालं नाही. गिरजाबाई एका हिवाळ्यात गेली. डबे जुने झाले. सुटे भाग मिळेनात. शहरात ऑटोरिक्षा वाढल्या, रस्त्यातल्या रुळांवर ट्रक उभे राहू लागले, आणि मंडळात पूर्वीसारखी गर्दी उरली नाही.

एका पावसाळी सकाळी भैय्यालालचा डबा फाटकाच्या जरा अलीकडे बंद पडला. इंजिन तापलं होतं. डब्यात माणसं थोडी होती, ती उतरून पायी निघाली. भैय्यालाल बादली घेऊन खोलीशी आला.

"पानी पाहिजे होतं, बाई."

तिनं मडक्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच उठून बादली भरून दिली. त्यानं ती इंजिनात ओतली, परत आला, आणि इंजिन थंड व्हायची वाट पाहत खोलीच्या पायरीवर बसला. पाऊस बारीक होता. तिनं चुलीवर चहा ठेवला.

मग तिनं विचारलं. विचारायचं असं तिनं ठरवलेलं नव्हतं. "त्या दिवशी त्यायनं तुमच्याकडे पाहिलं होतं का?"

भैय्यालालनं रुमालानं हात पुसले. "पाहिलं," तो म्हणाला. "भाऱ्यावर उभे झाले. बैल मागे ओढले असते तं कदाचित... पण त्यायनं पुढे हाकलले. निघून जाऊ असं वाटलं असन. मीही तेच म्हणत होतो मनात, निघ, निघ."

"शाळेत नाई सांगितलं हे."

"कोनी विचारलं नाई. अन् सांगितलं असतं तं त्यायच्याच नावावर लागलं असतं."

मंदाबाईनं चहा गाळला. डोमा घाईचा माणूस होता. ताटावर बसलाही की उठायच्या बेतात. पुढे हाकलले, हे त्याला शोभण्यासारखंच होतं. इतकी वर्षं ती मनात बैल मागे ओढून पाहत आली होती, आणि ते कधी जमलं नव्हतं. तिनं कप भैय्यालालच्या पुढे ठेवला.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली.

त्यानं चहा संपवला, बादली पालथी घालून ठेवली, आणि डब्याकडे गेला. इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झालं. तिनं फाटकावर जाऊन दोन्हीकडे पाहिलं, दांडे पाडले, आणि त्याला हिरवी दाखवली.

पुढच्या वर्षी भैय्यालाल निवृत्त झाला आणि लाखांदूरला मुलीकडे राहायला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मंडळानं डबे बंद केले. रूळ आधी शहरातले निघाले, मग शिवारातले. वळणाचा भराव तेवढा राहिला, आणि बोरटोल्याची माणसं पावसाळ्यात चिखल टाळायला त्यावरून चालू लागली. मंदाबाईला मंडळानं शहरातल्या कचेरीत शिपायाची जागा देऊ केली. ती गेली नाही. तिनं फाटकाची खोली मागून घेतली, आणि साहेबानं ती तिला मिळवून दिली. त्या खोलीत ती धान भरलेल्या चुंगड्या ठेवी.